मेथीच्या वाफ्यातला तबला

शामराव तबला वाजवताना पाठ निंबाच्या बुंध्याला टेकवून बसतो, कारण मागच्या बाजूने कोणी येऊन ऐकलेले त्याला खपत नाही. समोरून एखादा प्रौढ माणूस येताना दिसला, की त्याचे दोन्ही पंजे जागच्या जागी थांबतात आणि ठरलेला प्रश्न येतो, "कोणाले सांगाचं हाये?" आपण नुसता रामराम केला तरी प्रश्न हाच. एकदा मी त्याला, आज पाऊस येईल काय, असे विचारले. त्यावरही त्याने हेच विचारले.

या गृहस्थाविषयी मंगरूळपीरात तीन कथा प्रचलित आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. पानठेल्यावरची कथा अशी, की त्याला नगरपरिषदेची निवडणूक लढवायची आहे. त्याच्या पुतण्याच्या मते त्याचे डोके फिरले आहे. आणि एका तरुण वार्ताहराने छापले, की गरीब मुलांना शाळेनंतर मोफत तबला शिकवण्यासाठी या कलावंताने निसर्गाचे सान्निध्य निवडले. त्याने निवडले ते माझे शेत आहे, निंब माझा आहे, आणि जे घडले ते मी बांधावर उभा राहून पाहिले आहे. तेव्हा खरे काय ते माझ्याकडून ऐकावे.

मी वाशीमच्या न्यायालयात आयुष्यभर लिपिक होतो. रोज एकाच झाडाखाली बसणारा माणूस पुढे त्या जागेवर वहिवाट सांगतो, असे कितीतरी दावे माझ्या हाताखालून गेले आहेत. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी त्याला गाठले.

"शामराव, इथंच काहून?"

"पोट्टे इथं हायेत म्हून."

"शाळेजवळ बस ना."

"शाळा सुटली की ते इथं येतेत. मंग मी तिथं कोणाले शिकवू, फळ्याले?"

एवढे मात्र खरे होते. माझे शेत रुखमा आणि तिचा नवरा बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर करतात. सकाळच्या हर्रासीला, म्हणजे बाजारातल्या लिलावाला मेथी न्यायची, तर आदल्या संध्याकाळी ती उपटून जुड्या बांधाव्या लागतात, आणि त्या कामाला आसपासच्या मळ्यांतली सगळी मुले लागतात. शाळेनंतर जे काही शिकवले जाते त्यातले काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही, कारण तीच वेळ मेथीची. शामरावाने तोडगा काढला तो असा : मुलांनी वाफ्यात बसून तोंडाने तालाचे बोल म्हणावेत, प्रत्येक मात्रेला चार काड्या उपटाव्यात आणि ताल फिरून समेवर आला, की जुडीला गाठ मारावी. जुड्या संपल्यावर एकेकाला तबल्यावर बसवायचे. त्याआधी उलटतपासणी.

"कोणी धाडलं तुले?"

"मायनं."

"काहून?"

"शिकाले."

"खरं सांग."

महिनाभर सुरळीत चालले. मग मुले तयार झाली, आणि हात तयार झाला की जे होते ते झाले : लय वाढली. शामरावही रंगला. दुप्पट लयीत सम लवकर येते आणि एका मात्रेत चारऐवजी दोनच काड्या हाती लागतात. गाठ वेळेवर पडते, परंतु मुठीत काड्या निम्म्याच असतात. दुसऱ्या दिवशी हर्रासीत व्यापाऱ्याने रुखमाची एक जुडी दोन बोटांत धरून सर्वांना दाखवली आणि विचारले, "रुखमाबाई, हे मेथी हाये का कानातलं?"

संध्याकाळी ती जुडी घेऊन रुखमा निंबाखाली आली.

"शामरावभाऊ, हे काय हाये?"

"मेथी."

"ते मले दिसून राह्यलं. इतकी बारीक काहून?"

"द्रुत लय होती."

"तुमची द्रुत माह्या डोक्शावर पडली. उद्यापासून वैष्णवी बसनार नाही."

वैष्णवी तिची मुलगी. सातवीतली, आणि त्या मुलांत सर्वांत गुणी. ती उठली, तशी इतर आयांनीही आपापली मुले उठवली.

पुढे मी मध्यस्थी केली असे सांगतात. मी केलेली नाही. जागा मोकळी झाली याचे मला बरेच वाटले होते. परंतु तिसऱ्या दिवशी पाहतो तो शामराव वाफ्यात रुखमाशेजारी उकिडवा बसून जुड्या बांधतो आहे. बोल पुटपुटायचा, गाठ मारायचा आणि जुडी तिच्यापुढे धरायचा.

"बारीक."

त्याने लय उतरवली.

"अजून बारीक."

आणखी उतरवली.

"आता जाड झाली. फुकट वाटाची हाये का?"

भरलेली जुडी आणि सम एकाच वेळी हाताला येतील अशी लय त्याला दिवस मावळता मावळता सापडली. रुखमाने जुडी तळहातावर तोलली. "वैष्णवे, बस. पन ह्याच चालीनं."

त्यानंतर एका नगरसेवकाने वर्गासाठी सभागृह देऊ केले. पंखा, सतरंजी, सगळे. शामरावाने साफ नकार दिला. माझा संशय पुन्हा जागा झाला.

"आता खरं सांग. माह्या निंबाखाली काय हाये?"

त्याने तबल्यावर फडके टाकले.

"तुमच्या वावराले दार नाही, काकाजी."

शामराव एका शाळेत शिपाई होता. तिथे शाळा सुटल्यावर फी भरणाऱ्यांसाठी संगीताचा वर्ग भरत असे. दारात स्टूल टाकून बसायचे आणि यादीत नाव नसलेल्या मुलाला आत सोडायचे नाही, हे त्याचे काम. तबला तो त्या स्टुलावर बसून, आतले ऐकूनच शिकला.

"मी आयकत होतो अन् पोट्ट्यायले हाकलत होतो. तोंडं पाठ हायेत मले." त्याने वाफ्याकडे हनुवटी केली. "हे रुखमा. सहावीत होती. दोनदा आली. दुसऱ्या टायमाले मी मनगट धरून फाटकाबाहीर नेलं. तिले आठवत नसन. तुमी ते गोष्ट नका काढू."

एका पक्षाच्या जबानीवर मी कधी विसंबलेलो नाही. दुसऱ्या दिवशी रुखमाला विचारले.

तिने हातातली जुडी आधी पुरी बांधली. "आठवत नाही कसं? दोन दिस मनगट दुखलं होतं. म्हून तं पोरीले त्याच्यापाशी धाडलं, काकाजी. दुसरा चार दिस शिकवन अन् निंगून जाइन. हा देनं फेडून राह्यला, हा नाही जात."

"मंग त्याले सांगत काहून नाहीस?"

"सांगन कधी. पोरगी तयार होऊ द्या."

मीही सांगितलेले नाही. ती पाण्याचा गडवा घेऊन निंबाकडे येताना दिसली, की शामराव तबल्यावरून उठतो आणि ती परत जाईपर्यंत उभा राहतो. मुले म्हणतात, बसून बसून गुरुजींच्या पायाला मुंग्या येतात.