दालिबोरने बसवलेला गिअरबॉक्स

दालिबोरच्या गाडीचा गिअरबॉक्स अकरा वर्षं गॅरेजच्या फळीवर, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी पडून होता. गाडी जुनी, चेरीच्या रंगाची, दोन दारांची, इंजिन मागच्या बाजूला. एके काळी घाटात भल्याभल्यांना मागे टाकणारी. मुलगी वेंडुला, लाडाने वेंडुल्का, सात वर्षांची असताना दालिबोरने तिला शब्द दिला होता, की लग्नाला चर्चमध्ये मी तुला याच गाडीतून नेणार. आता शनिवारी अकराला लग्न होतं, आणि मंगळवार उजाडला तरी गिअरबॉक्स फळीवरच. त्यात होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला, "आमची मोठी गाडी आहेच हो, तुम्ही काळजी करू नका." हे दालिबोरला फार लागलं.

मिस्त्रीकडे जावं की नाही सरळ? पण आमच्या चेक देशातल्या मोरावियात ते जमत नाही. आमच्या बापांच्या काळात दुकानात साधा स्क्रू मिळायचा नाही, म्हणून सगळं घरीच करायची सवय लागली. पुढे दुकानं भरली, सवय काही गेली नाही. मिस्त्रीकडे गाडी नेणारा माणूस आमच्याकडे बायकोकडून बुटाची नाडी बांधून घेणाऱ्याच्या पंक्तीला बसतो.

तेव्हा दालिबोरने गिअरबॉक्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. शेजारचा राडोवान बिअरच्या बाटल्या घेऊन मदतीला आला. हा रेल्वेतून निवृत्त झालेला, म्हणजे यंत्रातलं आपल्याला कळतं असं त्याचं ठाम मत.

"हे मोठं दातेरी चाक डावीकडे की उजवीकडे?" राडोवानने विचारलं.

"दोन्हीकडे बसतंय ना?"

"बसतंय."

"मग विचारतोस कशाला?"

गिअरबॉक्स बंद झाला. गुरुवारी तो गाडीखाली सरकवला, आणि राडोवानने उताणं पडून छातीवर घेतला. सगळा आत गेला, फक्त बोटभर फट राहिली. ती बोटभर फट मिटेना. दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"ढकल की जरा."

"ढकलतोय. पण गिअरबॉक्स जागेवरच आहे, माझ्या बरगड्याच आत चालल्यात."

शुक्रवारी दुपारी खट्‌ आवाज झाला आणि फट मिटली. गाडी जॅकवर उचललेलीच होती. दालिबोरने इंजिन चालू करून चारही गिअर टाकून पाहिले.

"चाकं फिरतायत का रे?"

"मस्त फिरतायत," राडोवान म्हणाला.

कुठल्या दिशेला फिरतायत, हे दोघांनीही पाहिलं नाही. बिअर कोमट होत चालली होती.

शनिवारी साडेनऊला दालिबोर काळा सूट घालून गाडीत बसला. गाडीचं तोंड गॅरेजच्या भिंतीकडे, म्हणून त्याने रिव्हर्स टाकला. गाडी शांतपणे पुढे गेली आणि फळीवर आदळली. लोणच्याच्या सहा बरण्या टपावर फुटल्या.

"अरे, मागे घे म्हटलं तर पुढे काय जातोस?" राडोवान ओरडला.

"मी मागेच घेतोय."

मग त्याने पहिला टाकला. गाडी अलगद मागे येऊन गॅरेजबाहेर आली. दुसरा टाकला, तर ती आणखी जोरात मागे जाऊन राडोवानच्या कुंपणाला टेकली. राडोवानच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला.

"ते चाक उलटं बसलंय. पुढे जायला एक गिअर, मागे यायला चार. बसवलंस तू बरं का."

"आपण बसवलं."

"आता उघडायला वेळ नाही. व्याह्यांना फोन करू?"

"त्यापेक्षा मी पोरीला पाठुंगळीला घेऊन जाईन," दालिबोर म्हणाला आणि काकडीच्या चकत्या पुसायला फडकं शोधू लागला.

सव्वादहाला वेंडुला पांढऱ्या झग्यात शेजारी येऊन बसली. गाडीला लोणच्यातल्या व्हिनेगरचा वास येत होता, तिने फक्त काच खाली केली. दालिबोरने रिव्हर्स टाकला आणि वरात पुढे निघाली. चर्च दोन किलोमीटरवर. गिअर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता, आणि वेग माणसाच्या चालीइतका. लोक घराघरांतून बाहेर आले आणि गाडीबरोबर चालू लागले. पुलाशी उभा असलेला बँडही आरामात पुढे चालत वाजवू लागला. मागून व्याही आपल्या मोठ्या गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "वा, काय शाही चाल ठेवलीय हो तुम्ही. आम्हाला सुचलंच नसतं."

दालिबोरने गंभीरपणे मान डोलावली. घाम मात्र कॉलरच्या आत चालला होता. चर्चचा मनोरा दिसायला लागला तशी वेंडुला हळूच म्हणाली,

"बाबा, खरं सांगा. गाडीला काय झालंय?"

सकाळपासून लपवालपवी करून माणूस थकतो. आणि आईवेगळ्या पोरीला वाढवून तिला अशा वेळी काय सांगायचं असतं, ते त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. गिअर बदलायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याने गिअरवरचा उजवा हात तिच्या हातावर ठेवला आणि झालेला घोळ सगळा सांगून टाकला.

"थोडक्यात काय," तो म्हणाला, "तिकडे जायला एकच गिअर आहे, वेंडुल्का. घरी परत यायला चार आहेत. लक्षात असू दे."

वेंडुला हसायला लागली आणि हसता हसता तिने त्याच्या सुटाच्या बाहीला डोळे पुसले. मग म्हणाली, "बाबा, अजून थोडं हळू नाही का जाता येणार?"