शाल्मली नावाचे मालक

जेलरोडच्या आमच्या कॉलनीत देशपांड्यांच्या नातीचं बारसं झालं. नाव ठेवलं शाल्मली. पेढा तोंडात टाकून शिरोडेअण्णांनी बाळाच्या बापाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "नाव छान आहे. फक्त पुढे मसाल्याच्या धंद्यात वापरू नका. रजिस्टर्ड आहे."

अण्णांचे 'शाल्मली मसाले', माझे 'घरचव मसाले'. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचे गाळे भिंतीला भिंत लागून. मिरची तीच, धणे तेच, ठसकाही सारखाच. पण अण्णांनी नव्वदच्या दशकातच ट्रेडमार्क घेतला आणि सर्टिफिकेट फ्रेम करून देवाशेजारी टांगलं. उदबत्ती दोघांत एक. कोणी काहीही सांगितलं की विचारायचे, "लेखी आहे का?" पाहुणे येणार म्हटलं तरी.

मला या माणसाचा हेवा वाटायचा. त्यांचं नाव लोक दुकानात मागून घेत. माझं, दुसरं नसलं तर.

दोन हजार साल उलटल्यावर अण्णांना वेबसाइट काढायची हुक्की आली. नाशिक रोडच्या सायबर कॅफेत कळलं, की 'शाल्मली मसाले डॉट कॉम' परराज्यातल्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. मेल पाठवला, तर त्याने नाव सोडायचे सव्वा लाख मागितले. दोन दिवस अण्णांचा खानावळीचा डबा तसाच परत गेला.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं नाव चोरावंसं कुणालाच वाटलं नाही, हेच मला लागलं.

वकील म्हणाले, "पैसे देऊ नका. अशा भांडणांना परदेशात लवाद असतो. नाव आपल्या ट्रेडमार्कसारखं आहे, त्या माणसाचा त्यावर हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलंय, एवढं सिद्ध करायचं."

अण्णांनी कोट इस्त्रीला टाकला.

"सुनावणी नसते अण्णा. सगळं कागदावर."

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे लेखी?"

जुनी बिलं, पिशव्या, जाहिराती गोळा करून ते माझ्याकडे आले. हे नाव इथे किती वर्षं चालतंय, याचं शेजारी म्हणून पत्र हवं होतं. "देतो की," म्हणालो आणि आठ दिवस दिलं नाही. लेटरहेड संपलंय म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी अण्णा माझंच लेटरहेड छापून घेऊन आले. मग सही केली.

दोन-अडीच महिन्यांनी निकाल लागला. नाव अण्णांना मिळालं. त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. माझा मी बायकोला दिला.

आठवड्याने संध्याकाळी ते घरी आले आणि एक कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, 'घरचव मसाले डॉट कॉम'.

"हे तुम्ही घेतलंत?"

"मोकळंच पडलं होतं. खाली मालक कोण ते वाचा."

खाली माझं नाव होतं, पत्ताही माझा.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर आठ दिवस लावले असतेत," अण्णा शांतपणे म्हणाले. मी कागदावरचं माझं नाव पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "तुमचं नाव गेलं, तुम्ही गाळा बंद केलात, तर तिथे मी दिवसभर बोलू कुणाशी?"

शिरोडेवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी बायकोला चहा टाकायला सांगितला आणि अण्णांना म्हणालो, "बसा ना." इतक्या वर्षांत हे मी त्यांना पहिल्यांदाच म्हणत होतो. ते जेवणाच्या वेळेपर्यंत बसले.