पुढे सरका, पाण्यात जागा आहे

एवढी मोठी काचेची टाकी आणि आत फिरताहेत फक्त तीन मासे, हे कंडक्टरना काही केल्या बघवेना. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरीदारी त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. पन्नासांच्या गाडीत शंभर माणसं घालून, एकालाही रस्त्यावर न ठेवता मुक्कामाला पोचवणारा माणूस तो. "पुढे सरका, पुढे रिकामं आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोच्या मागून जातानाही ते हेच म्हणत.

"अगं, बघ तरी जरा. अख्खी गाडी रिकामी चाललीय."

"चालू दे की. तुमच्या खिशातलं डिझेल जळतंय का?" बायको मान वर न करता म्हणाली.

मासे मुळात त्यांचे नव्हतेच. ते होते व्याह्यांचे. सुनेचे वडील जन्मभर ग्रंथपाल होते आणि शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकणाऱ्यांपैकी होते. बायको गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर तीन मजले चढणं काही जमणार नव्हतं. "बाबा, इकडेच राहायला या," म्हणून सून कधीची त्यांच्या मागे लागली होती. कंडक्टरनीही तिला साथ दिली होती. "या की बिनधास्त! थोडं थोडं सरकू सगळे, बसेल सगळं व्यवस्थित."

पण ते 'सरकू' ऐकूनच ग्रंथपाल खुर्चीत आक्रसले होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "माणसं प्रेमळ आहात तुम्ही, त्यात वाद नाही. पण मला गर्दी सोसत नाही. आपण असं करू. मी दवाखान्यात आहे तोवर माझे मासे तुमच्याकडे ठेवा. ते सुखानं राहिले तर मीही राहीन. चिमूटभर खाणं आणि शांतता, एवढंच त्यांना लागतं. माझंही तसंच. सामान म्हणाल तर फारसं नाही. कपडे आणि थोडी पुस्तकं."

टाकी बाहेरच्या खोलीत आली. त्यात एक म्हातारा, लांब परांचा एंजल आणि दोन सोशिक स्वभावाचे गुरामी. सून पोस्टात कामाला जाता जाता दारातून परत फिरली. "अण्णा, मासे जपा हं. बाबा हट्टी आहेत, खरंच यावरूनच ठरवतील. त्यांना एकटं ठेवून मला इथे घास गोड लागत नाही."

"तू निर्धास्त जा, पोरी," कंडक्टर म्हणाले. "माझ्या गाडीतल्या पॅसेंजरनं आजवर तक्रार केलेली नाही."

आणि नेमकी तिथेच सगळी गडबड झाली. कारण कंडक्टरच्या हिशेबी रिकामी गाडी म्हणजे दुःखी गाडी. तो म्हातारा एंजल एका कोपऱ्यात तासन् तास स्तब्ध उभा राही. याला बोलायला कोणी नाही, कंटाळलाय बिचारा, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि पिशवी घेऊन ते माशांच्या दुकानात गेले. नुसतं बघायला.

"टाकी केवढी आहे, काका?" दुकानदारानं विचारलं.

"ऐसपैस आहे. तीनच पॅसेंजर."

"मग घ्या की हे गप्पी. एकदम गरीब जात."

कंडक्टरनी वाकून निरखून पाहिलं. माणूस चेहऱ्यावरून ओळखण्याची त्यांची ख्याती होती. गप्पी त्यांना बाजाराला निघालेल्या बायकांसारखे वाटले, चुणचुणीत आणि गप्पिष्ट. घेतले पिशवीभर. शेजारच्या टाकीत काळ्या पट्ट्यांचे बार्ब एकमेकांच्या मागे धावत होते. "कॉलेजची पोरं दिसतायत. असू देत, गाडीत जरा हसणं-खिदळणं पाहिजे." तेही घेतले. मग एक गलेलठ्ठ गोल्डफिश घेतला, कारण खात्यापित्या घरचा पॅसेंजर असला की गाडीला शोभा येते. निघता निघता दुकानदारानं काच चाटणारा एक काळपट सकर दाखवला. गाडी झाडायला माणूस हवाच, म्हणून तोही पिशवीत गेला.

घरी आल्यावर त्यांनी एकेक पिशवी टाकीत रिकामी केली आणि काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं. डबल बेल. "चला, पुढे सरका, पाण्यात जागा आहे!"

"अहो, व्याह्यांना विचारलंत का?" बायकोनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"पाहुण्यांना सोबत द्यायला परवानगी कसली विचारायची?"

सुनेलाही पहिल्या दिवशी टाकी छान वाटली. रंगीबेरंगी, हलती, गजबजलेली. पण घरात लग्न असलं की पहिल्या दिवशी सगळ्यांनाच छान वाटतं. दुसऱ्या दिवसापासून कंडक्टरना वेगळीच शंका येऊ लागली.

"अगं, गप्पी कमी दिसतायत."

"झोपले असतील कुठेतरी."

"झोपतील कुठे? दारं बंद आहेत. मधल्या स्टॉपवर उतरलं कोण?"

उतरलं कोणी नव्हतं. ज्या एंजलच्या एकटेपणापायी कंडक्टरचा जीव तुटत होता, तोच सोज्ज्वळ म्हातारा सकाळ-संध्याकाळ एकेक लहानसा गप्पी गिळून पुन्हा कोपऱ्यात ध्यानस्थ उभा राहत होता. कंडक्टरनी ते डोळ्यांनी पाहिलं तेव्हा त्यांचा माणुसकीवरचा विश्वासच डळमळला. त्यातच उरलेल्या गप्प्यांपैकी एकीनं पिल्लं घातली. चालत्या गाडीत बाळंतपण त्यांनी नोकरीत एकदा निभावून नेलं होतं, त्यामुळे ते डगमगले नाहीत. त्यांनी चहाच्या गाळणीनं पिल्लं अलगद उचलली आणि काचेच्या ग्लासात ठेवली. गाळणी कुठे गेली म्हणून बायकोनं घर डोक्यावर घेतलं.

मग कॉलेजच्या पोरांनी रंग दाखवले. एंजलचे ते लांब, झुळझुळीत पर बघून बार्बना राहवेना. एक जण पुढून हूल देई, दुसरा मागून लचका तोडी. गोल्डफिश दुसऱ्यांच्या तोंडचा घास पळवून खाई आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत करी. सकर काच झाडायचं सोडून गोल्डफिशच्याच अंगाला चिकटायला बघे. बघता बघता पाणी असं दिसायला लागलं की जणू त्यात कुणी तांदूळ धुतले आहेत.

आणि एके दिवशी सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले.

"बघ, बघ! खिडकीतून तोंडं काढून कशी हवा खातायत! खूश आहे गाडी." कंडक्टरनी आनंदानं आणखी मूठभर खाणं टाकलं.

"खूश? अहो, जीव गुदमरलाय त्यांचा!" बायको म्हणाली.

तेवढ्यात सून पोस्टातून घरी आली. तिच्या हातात फोन होता आणि चेहरा उजळला होता. "अण्णा, बाबांना उद्या सोडतायत! दवाखान्यातून थेट इकडेच येणार, मासे बघायला..." बोलता बोलता तिची नजर टाकीवर गेली. एंजल एका कुशीवर कलला होता आणि त्याच्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या. ती टाकीसमोर बसली आणि रडायलाच लागली.

"गर्दी नको म्हणाले होते ना बाबा? आता कशाला येतायत ते? त्या तिसऱ्या मजल्यावर एकटेच पडून राहतील."

कंडक्टरना फार वाईट वाटलं. आपण पाहुणचार करायला गेलो आणि पोरीच्या बापाची वाटच अडवून बसलो. ते उठले, बाह्या वर केल्या आणि जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य खणखणीत आवाजात बोलले, "गाडी फुल आहे. उतरा सगळे!"

दुकानदारानं फोनवरच हात झटकले. विकलेला मासा तो परत घेत नव्हता. मग घरातली भांडी बाहेर निघाली. आता मात्र कंडक्टरची नजर कामाला आली. कोण कुणाच्या शेजारी बसला की भांडण होतं, हे त्यांना टाकीत कळलं नव्हतं, पण गाडीतलं आठवून कळलं. बार्बची टोळी निळ्या बादलीत गेली. गोल्डफिशला पाहुण्यांसाठीचं मोठं पातेलं मिळालं. गप्पी बरण्यांत आणि सकर न्हाणीघरातल्या टबात. सुनेनं डोळे पुसले आणि सांगितलं, "नळाचं पाणी लगेच घालू नका. बाबा आदल्या दिवशी भरून ठेवतात." नशिबानं पिंपात कालचं पाणी होतं. टाकीतलं अर्धं पाणी काढून त्यांनी पिंपातलं हळूहळू आत सोडलं. मुलगा कारखान्यातून दमून आला आणि तडक अंघोळीला गेला. लगेच आतून ओरड आली, "आई, टबात कोणीतरी आहे!"

"हळू बोल!" तिघंही एकदम कुजबुजले. "एंजलला आराम पडतोय."

दुसऱ्या दिवशी घरात सगळं कुजबुजतच चाललं होतं. कंडक्टर सकाळपासून टाकीसमोर स्टूल टाकून बसले होते. "सरळ हो रे बाबा. माझ्यासाठी नको, पोरीसाठी तरी हो," असं ते त्या माशाला ओठांतल्या ओठांत सांगत होते. दारात काठीचा आवाज आला तेव्हा एंजलनं एक गिरकी घेतली आणि तो सरळ झाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ग्रंथपाल आत आले, खुर्चीत सावकाश बसले आणि टाकीकडे बराच वेळ बघत राहिले. आत तीनच मासे होते. धांदलीत सुनेनं ओट्यावरचा ग्लास उचलून त्यांच्यापुढे धरला. ग्रंथपालांनी तो ओठांना लावला, थांबले, चष्मा नीट केला आणि ग्लास उजेडात धरला.

"यात कोणीतरी राहतंय."

कंडक्टरना आता राहवलं नाही. त्यांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं. दुकान, डबल बेल, गिळलेले गप्पी, परांच्या चिंध्या, सगळं. "चूक माझी आहे, व्याहीबुवा. पोरीला बोल लावू नका. मला वाटलं, गर्दी म्हणजे माया. तुम्हाला आता इथे यावंसं वाटणार नाही, कळतं मला."

ग्रंथपाल उठले. काठी टेकत त्यांनी घरभर फेरी मारली. बादलीत डोकावले, पातेल्यात डोकावले, न्हाणीघराचं दार ढकलून टबाकडेही नजर टाकली.

"या पट्टेवाल्यांना वेगळं का ठेवलंत?"

"खोडकर आहेत. पण आपापसात असले की कुणाला त्रास नाही."

"आणि हे जाडे गृहस्थ?"

"त्यांना जागा लागते. आणि दुसऱ्याच्या ताटातलंच गोड लागतं."

"आणि मला कुठे बसवणार होता?"

कंडक्टरनी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. निवृत्तीपासून त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं घरात कोणाला आठवत नव्हतं. "तिथे. माझी जागा आहे ती. उजेड चांगला येतो आणि कोणी मधेमधे करत नाही. मी आत बसेन."

ग्रंथपालांच्या ओठांच्या कडेला किंचित हसू आलं. "मला वाटत होतं, तुम्ही मला उभ्यानंच न्याल." मग ते लेकीकडे वळले. "येतो मी राहायला."

सून हसत हसत रडली. कंडक्टरनी आनंदानं आरोळी ठोकायला तोंड उघडलं, एंजलकडे पाहिलं आणि मिटलं.

पुढच्या आठवड्यात बार्बना वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी आपल्या मोठ्या टाकीत घेतलं. गोल्डफिश आणि गप्पी शेजाऱ्यांकडे रवाना झाले आणि सकर टबासकट मुलाच्या कारखान्यातल्या हौदावर रुजू झाला. घर मोकळं झालं, भांडी परत आली, बायकोला गाळणी मिळाली. कंडक्टरनी टाकीतल्या तीन माशांकडे समाधानानं पाहिलं आणि रिकाम्या गाडीतसुद्धा एक मजा असते, असं बायकोला चक्क बोलून दाखवलं.

रविवारी दारात टेम्पो येऊन उभा राहिला. कपड्यांची एक लहानशी बॅग उतरली. मग पुस्तकांचं खोकं आलं. मग दुसरं आलं. मग हमाल ओळीनं येतच राहिले. खोकी पलंगाखाली गेली, कपाटावर चढली, न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन पोचली. मागे आणखी एक टेम्पो हॉर्न वाजवत होता.

छातीशी एक खोकं आणि पाठीशी दुसरं, अशा अवस्थेत कंडक्टर दाराच्या चौकटीत अडकले होते. त्यांना धड आत येता येईना, धड बाहेर जाता येईना. ते कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "अहो व्याहीबुवा, गाडी फुल झाली हो."

खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या ग्रंथपालांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि मान वर न करता शांतपणे म्हणाले, "पुढे सरका. भिंतीकडे रिकामं आहे."