नानांची तांब्याची पट्टी

लोक भेटल्यावर रामराम करतात. आमच्या दवाखान्यातले नाना विचारायचे, "आज पानी लयना का?"

पानी म्हणजे लघवी, आणि 'लयना का' म्हणजे आणलीस का. लग्नाच्या पंगतीत, बैलबाजारात, देवळाच्या पायरीवर, कुठेही विचारायचे. एकदा नवरदेव घोड्यावरून उतरतो न उतरतो तोच नानांनी त्याच्या कानात विचारलं. दुसरा कुणी असता तर मार खाल्ला असता. पण नाना विचारायचे आणि माणसं दुसऱ्या दिवशी खरंच बाटली घेऊन यायची! हे मला कधीच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर पचलंही नाही.

कारण त्या दवाखान्यात मोठा कंपाउंडर मी होतो. तापीकाठचं आमचं गाव. डॉक्टर नंदुरबारहून आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले पाच दिवस गाव मलाच डॉक्टर म्हणायचं आणि मी कुणाची चूक दुरुस्त करत नसे. मग सुरतेच्या एका औषधवाल्याकडची नोकरी सोडून नाना धाकटे कंपाउंडर म्हणून आले. पदाने धाकटे, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. येताना त्यांनी एक वळकटी, एक स्पिरिटचा दिवा आणि तांब्याच्या पट्ट्यांची डबी आणली.

नानांचा एकच नाद होता: सोमल. आमच्याकडे हे विष उंदरांना घालत, आणि बाजारात बसणारे हकीम ताकदीच्या गोळ्यांतही घालत. नाना लघवीत थोडं तेजाब टाकून तिच्यात पट्टी उकळायचे. पट्टी काळी पडली की म्हणायचे, "देख, पोटमां सोमल शे." आणि वर ठरलेलं वाक्य: "मानूस लपाडस, तांबं लपाडत नही."

एकदा एका पाटलाच्या पायांना मुंग्या यायच्या, केस गळायचे. मी त्याला तीन महिने काढा पाजला होता. नानांनी एका सकाळी पट्टी काळी करून दाखवली आणि त्याच्या ताकदीच्या गोळ्या बंद केल्या. पाटील बरा झाला. त्या दिवसापासून नाना 'डॉक्टर' झाले आणि मी 'आप्पा'. बायकासुद्धा पदराखाली बाटल्या झाकून आणायच्या आणि मला फक्त नाना कुठे आहेत ते विचारायच्या, "नाना कथा शे?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी त्यांना खालची कामं द्यायला सुरुवात केली. बाटल्या धुवा, बाटल्या भरा. माझ्या घरची औषधाची बाटलीसुद्धा मी त्यांच्याकडूनच भरून घ्यायचो. नाना निमूटपणे भरायचे. त्यांचं ते निमूटपण मला आणखीच खुपायचं.

ती बाटली माझ्या बायकोची, यमुनेची. दोन वर्षांपूर्वी तिला थंडीताप झाला तेव्हा डॉक्टरांनी सोमलाच्या अर्काचे थेंब लिहून दिले होते, महिनाभरासाठी. थेंबांनी तिला भूक लागली, गालांवर तकाकी आली. मग मी ते बंद केलेच नाहीत. थोडे वाढवलेही. माझ्या औषधाने माझी बायको टवटवीत राहते, याचा मला अभिमान होता. हकिमांच्या गोळ्यांतला सोमल तो विषारी, दवाखान्याच्या बाटलीतला तो औषधी, असा माझा हिशेब.

एकदा नाना घरी आले. यमुनेने पाण्याचा पेला पुढे केला, तर हा गृहस्थ पेल्याऐवजी तिचा हातच बघायला लागला! "वहिनी, तळहात दखाडा बरं." तळहातावर घट्टे होते, टणक, मक्याच्या दाण्याएवढे. मी म्हणालो, "दळणाचे आहेत." नाना म्हणाले, "दळनारीना घट्टा असा नही ऱ्हात." माझ्याच घरात, माझ्याच बायकोचा हात! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे एका रविवारी मी बाजारातून लवकर परतलो. बघतो तर परसदारी यमुना उभी, आणि ती नानांच्या हातात झाकण घातलेला तांब्या देते आहे. नानांनी तो उपरण्याखाली घेतला. दोघं हसली. मी कुंपणाआड बसलो, पायांत काटे गेले तरी हललो नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. बासुंदी असणार, मी ठरवूनच टाकलं. मला वर्षभरात बासुंदी मिळाली नव्हती.

तिसऱ्या रविवारी मी मागोमाग नानांच्या खोलीवर गेलो. दवाखान्यात मी शुद्ध मराठी बोलायचो, पण रागात ती कुठली टिकायला! "काय शे त्या तांब्यामां? मन्ही बायको तुम्हले काय देस?"

मी तांब्या हिसकावला, झाकण काढलं, आणि काढलं त्याहून जलद परत बसवलं.

"बठ, आप्पा," नाना म्हणाले. त्यांनी फळीवरून एक पुठ्ठा काढला. त्यावर आठ पट्ट्या ओळीने शिवलेल्या होत्या. पहिली काजळासारखी काळी. मग राखाडी, मग मळकट. आठवी जवळजवळ लखलखीत. "हाई दोन महिनापहिलेनी. हाई मांगला रविवारनी. तिले वाटस मी पानीमां साखर तपासी ऱ्हायनू."

मी पहिल्या पट्टीकडे बघत राहिलो. काय आहे ते कळायला कंपाउंडर असण्याची गरज नव्हती.

"थेंब तर मी अजून देतो आहे," मी म्हणालो.

"तुन्ही बाटली मीच भरस ना. दोन महिनापासून तीमां नुसतं रंगनं पानी शे."

तिच्या पायांना मुंग्या यायच्या, ती रात्री पाय चोळत बसायची, आणि मी तिला आणखी दोन थेंब द्यायचो. "मग माले का बरं सांगं नही?"

नानांनी पुठ्ठा परत फळीवर ठेवला. "मन्ही बायकोले बी ते थेंब मीच देयेल व्हतात. ती गयी, तव्हय सगळा गावनी माले सांगं, तुन्हाच हातनी मरी गयी. ते ऐकीसन मानूस कसा जगस, ते माले माहीत शे. तुन्ही तर बरी व्हई ऱ्हायनी. तुले कसाले सांगू?"

अशा वेळी माणसाने पाय धरावेत. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. "तिले तुम्ही बरं करं, मी नही. हाई माले सहन व्हत नही, नाना."

नाना हसले. वाईट नाही वाटलं त्यांना.

"मंग जळ ना भाऊ मन्हावर, खुशाल जळ. ती घरमां शे म्हनीसन तू जळी ऱ्हायना. मन्हा घरमां जिन्हाकरता जळू अशी कोन्ही ऱ्हायनी नही."

एवढं बोलून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. माझ्या घरी यमुना जेवायला माझी वाट बघत बसली होती, आणि तेवढ्याचीच मला त्यांच्यासमोर लाज वाटत होती.