पुंजाच्या फेरीची बोली

पुंजाला कुठलीही गोष्ट सरळ घेता येत नसे. तिची बोली लागली पाहिजे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं पानात एक जिलबी टाकली की हा ओरडायचा, "एकावर कोण वाढतं?" एस्टीत खिडकीची जागा मिळाली तर उभ्या माणसांपुढं तिचं एक वार, दोन वार करायचा आणि तिसऱ्या वाराला स्वतःच बसून राहायचा.

पंचवटीच्या भाजी मार्केटात तो एका आडत्याकडं लिलाव पुकारायला होता. मी मखमलाबादचा माळी. मेथी-कोथिंबीर घेऊन रोज पहाटे तिथं. आमची ओळख भांडणातून झाली. माझी चांगली मेथी त्यानं पडत्या भावात सोडली, म्हणून मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. तो माझ्याशी बोलत राहिला. उत्तर मिळालंच पाहिजे अशी त्याची काही अट नव्हती. आणि आवाज असा, की त्यानं पुकारा सुरू केला की गाडीचे बैल कान पाडायचे.

मोबाईल फक्त बिल्डरांकडं होते तेव्हाची गोष्ट. कोबीचा टेम्पो मागं घेताना ड्रायव्हरनं पाहिलं नाही आणि पुंजा टेम्पो अन् भिंतीच्या मधी सापडला. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, "चार महिने पाय टेकवायचा नाही."

"दोन," पुंजा म्हणाला.

डॉक्टर नवखे होते. म्हणाले, "तीन तरी?"

"दिला तीनला," म्हणून यानं पडल्या पडल्या टाळी वाजवली.

पण पुढचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लिलाव पुकारणाऱ्याला बसून चालत नाही. एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जायचं, मागं व्यापाऱ्यांचा घोळका. हा अडखळला की घोळका दुसऱ्या आडत्याकडं वळतो. आडत्या शेठनं त्याच्या जागी आपल्या भाच्याला उभं केलं आणि निरोप धाडला, "आख्ख्या शेडला फेरी मारून दाखव, मग बघू." पुंजाची बायको द्वारका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मार्केट सुटलं तर या माणसानं बोलायचं कोणाशी, भिंतीशी?

तीन महिने भरले, हातात वॉकर आला. त्याच दिवसांत एका क्लबवाल्यांनी बहिऱ्या-मुक्या पोरांच्या शाळेसाठी गंगापूर रोडला चालायचा कार्यक्रम ठेवला. आपण चालायचं, ओळखीच्यांनी त्याबद्दल शाळेला मदत द्यायची. पुंजा वॉकर घेऊन रिक्षानं तिथं हजर. पांढरे बूट घातलेले एक साहेब म्हणाले, "बाबा, तुम्ही खुर्चीवर बसून टाळ्या वाजवा."

"बसायचंच असतं तर घरची खाट काय वाईट व्हती?" म्हणून हा त्याच रिक्षानं परत.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेडच्या तोंडाशी वॉकर रोवून त्यानं पुकारा केला. "मंडळी, आज माल नाय, फेरी हाये! शेडला एक फेरी, पुंजाच्या पायानं. नागपंचमीपस्तोर रोज एक निघंल. बोली लावाल तो माल त्या शाळेला. बोला!"

कोणीतरी म्हणालं, "एक जुडी मेथी."

"जुडी? अरे, मांडीत सळई हाये, तिचं तरी वजन धर!"

बोली टोमॅटोच्या क्रेटवर गेली. आमच्या मार्केटात हात वर गेला की शब्द गेला, मागं घेता येत नाही. एका बटाटेवाल्यानं नाक खाजवलं, पुंजानं गोणी धरली.

"अरे, नाक खाजवलं मी!"

"मग पुढच्या वेळी नाकाला विचारून खाजव."

तेव्हापासून भलेभले हात खिशात घालून उभे राहायचे. मी तर काखेत दाबून धरले होते. डास चावला तरी हललो नाही. तर म्हणतो, "नामदेव एवढा गप उभा हाये म्हंजी मनात काय तरी हाये. दोन पाट्या कोथिंबीर धरतो." धरल्याच.

पहिल्या दिवशी चार ढीग ओलांडले आणि तो मटकन क्रेटवर बसला. सदरा घामानं चिंब, ओठ पांढरे. मी म्हटलं, "पुरे झालं आता. अर्धा माल पाठवू."

"अर्ध्या ढिगाची बोली लावलीये का मी कधी?" असं माझ्यावर खेकसून उठला. ती फेरी संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. भाच्याचा लिलाव बंदच पडला होता, सगळे याच्याकडंच बघत होते.

असं करत वॉकर सुटला, काठी आली. नागपंचमीच्या फेरीला शाळेच्या बाई पोरांना घेऊन आल्या. पुंजानं फेरी मारली, वाटेत एकदाही न बसता. मग पोरांसमोर उभा राहून असा पुकारा केला, की पत्रे हादरले. पोरं नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

बाई म्हणाल्या, "बाबा, त्यांना ऐकू येत नाही."

"ठावं हाये मला. म्हणून तर मोठ्यानं बोलतोय."

बाई हसल्या. एका लहान मुलीला त्यांनी क्रेटवर उभं केलं आणि तिचा हात पुंजाच्या गळ्यावर ठेवला. "असा हात ठेवला की आवाजाची थरथर कळते त्यांना. आता हळू बोला."

पुंजा गडबडला. मग अगदी खालच्या आवाजात भाज्यांची नावं घ्यायला लागला. मेथी, शेपू, घेवडा. पोरीचे डोळे मोठे झाले, ओठ त्याच्यासारखे हलायला लागले. भाज्या संपल्या तरी हा थांबेना. द्वारकाचं नाव माझ्या कानावर आलं. पुढं तो इतकं हळू बोलला, की हाताच्या अंतरावर उभा राहूनही मला ऐकू आलं नाही. पुंजाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच झालं.

तेवढ्यात शेठ आले. म्हणाले, "पुंजा, बघितली तुझी फेरी. उद्यापासून पुकाऱ्याला ये."

पुंजानं मानही वळवली नाही. पोरीचा हात अजून त्याच्या गळ्यावर होता.

"थांबा शेठ," तो म्हणाला. "तिचं ऐकून होऊ द्या."