यंत्राला मानाचा धक्का

एका जंगलात, बाळांनो, बंदूक होती. वाघ मात्र नव्हता. वाघाची जागा बरेच दिवस रिकामी होती आणि ठिपसे नावाचा बिबट्या प्रभारी राजा म्हणून काम बघत होता. प्रभारी म्हणजे काय, ते घरी जाऊन बाबांना विचारा. बाबा गप्प झाले तर समजा, तेही प्रभारी आहेत.

बंदूक एका शिकाऱ्याची होती. तो ऐटीत शिकारीला आला, समोर धुरपदा अस्वलीण बघून झाडावर चढला, आणि नंतर जो पळाला तो बंदूक, काडतुसांचा डबा आणि एक बूट मागे टाकून. बूट कुणाच्याच पायात बसेना. बंदूक मात्र जंगलाला उपयोगी पडली.

कशासाठी, ते सांगतो. मधे बोलू नका. कुणाला मारण्यासाठी नव्हे. सुट्टीच्या दिवशी नदीकाठी माणसं सहलीला येत. मोठा स्पीकर लावत, कोंबडी शिजवत, आणि निघताना वेफर्सची रिकामी पाकिटं जंगलाला भेट देत. मग धुरपदामावशी टेकडीवर जाऊन आकाशाच्या दिशेने एक बार काढी. काडतुसात गोळी नसे, नुसती बंदुकीची दारू असे. आवाज झाला की माणसं चादरी गुंडाळून बसमध्ये बसत आणि जंगल पुन्हा शांत होई.

या कामात मावशीचा डावा कान गेला. उजवा तेवढा उरला होता. तिला दोन पिल्लं होती, दोन्ही अतिशय द्वाड. ती कुठे धडपडताहेत, कुठल्या पोळ्यात नाक घालताहेत, हे तिला त्या एका कानानेच कळे. म्हणून त्या कानाला ती फार जपायची. झोपतानासुद्धा तो वर ठेवून झोपायची.

आता पुंगळीचं बघू. काडतुसाचं पितळी नळकांडं म्हणजे पुंगळी. बार झाला की ती रिकामी होते. ती फेकायची नाही, पुन्हा भरायची, कारण जंगलात पितळेचं दुकान नव्हतं. पण पितळ फार वापरलं की ताठरतं, आणि ताठरलेलं पितळ तडकतं. म्हणून पुंगळीच्या तोंडाला अधूनमधून ताव द्यायचा, म्हणजे ते ज्योतीवर तापवून नरम करायचं. फक्त तोंड. बूड कडकच राहायला हवं, कारण बाराचा सगळा मार बूड खातं. तोंड नरम आणि बूड कडक, असा नियम. जंगलातल्या अधिकाऱ्यांचं नेमकं उलट होतं, पण ते जाऊ द्या.

आधी हे काम माकडं शेकोटीवर करत आणि शेपट्या भाजून घेत. मग सरकारने यंत्र आणलं. एक गोल तबकडी, तिच्या काठाला भोकं, भोकांत उभ्या पुंगळ्या आणि शेजारी स्टोव्ह. किल्ली दिली की तबकडी हळूहळू फिरे. प्रत्येक पुंगळी एक जांभई देऊन होईल इतकाच वेळ ज्योतीसमोर थांबे आणि पुढे सरके. खोडे नावाचं माकड यंत्रप्रमुख झालं. त्याला एक शिट्टी मिळाली. शिट्टीचा यंत्राशी काही संबंध नव्हता.

सगळं छान चाललं होतं. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात. बाबा वर्षातून एकदा स्कूटर धुतात ना, तो दिवस. पूजा झाली की त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची. पण दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. सहलीची बस नक्की येणार होती आणि ताव दिलेली एकही पुंगळी शिल्लक नव्हती.

"मग पूजेआधीच यंत्र चालवून घ्या की," मावशी म्हणाली.

"पूजेआधी ते यंत्र नसतं, नुसतं लोखंड असतं," काटकर म्हणाला. काटकर हे साळिंदर. राज्याचा चिटणीस. त्याच्या फार जवळ जाऊन कुणी वाद घालत नसे.

शेवटी असं ठरलं की पूजाही करायची आणि यंत्रही चालवायचं, मात्र पूजेनंतर त्याला हात लावायचा नाही. म्हणजे रीतही सांभाळली जाईल आणि पुंगळ्याही होतील. सगळ्यांना हे फार पटलं.

खोडेने पुंगळ्या मांडल्या, किल्ली दिली, स्टोव्ह पेटवला आणि यंत्र सुरू केलं. ठिपसेसरकारांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि यंत्राच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. यंत्राला गळा नव्हता, पण तो कुठे असायला हवा होता याचा त्यांनी अंदाज घेतला. हार चांगला ऐसपैस होता. यंत्र फिरत होतं, मग हारही फिरू लागला. मग हार आत गेला आणि यंत्र थांबलं.

ज्योतीसमोर जी पुंगळी होती ती तिथेच उभी राहिली.

"हार अडकलाय," खोडे म्हणाला.

"कुणी घातलेला हार?" काटकरने विचारलं.

"सरकारांनी."

"मग अडकलाय म्हणू नका. रमलाय म्हणा."

"बरं, रमलाय. काढू का?"

"सरकारांनी घातलेला हार सरकारांच्या डोळ्यांदेखत काढणार तुम्ही?"

"मग निदान स्टोव्ह तरी विझवतो."

"पूजेतली ज्योत विझवणार? उद्या दसरा आहे, काही वाटतं का?"

खोडेला वाटलं. त्याने हात मागे घेतला. तोवर पुंगळीचा रंग तोंडापासून बदलत बदलत बुडापर्यंत उतरला होता. न राहवून खोडेने एक लांब काठी घेतली आणि तबकडीला टोचलं. तबकडी एक घर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

जमलेल्या प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

ठिपसेसरकारांना टाळ्या फार आवडत, विशेषतः स्वतःसाठी. "ती काठी इकडे द्या," ते म्हणाले. त्यांनी टोचलं. आणखी एक घर, आणखी टाळ्या. काटकरच्या लगेच लक्षात आलं की हा बिघाड नाही, हा समारंभ आहे. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की यंदापासून यंत्राला मानाचे धक्के देण्यात येतील. एकेका मान्यवराने पुढे यायचं, काठी घ्यायची, दोन शब्द बोलायचे आणि तबकडी एक घर ढकलायची.

दोन शब्द म्हणजे किती, हे तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात अनुभवलंच आहे.

रानडुक्कर जमीन उकरण्याच्या परंपरेवर बोललं. घुबडाला दिवसा दिसत नव्हतं, त्यामुळे त्याने पहिला धक्का काटकरलाच दिला. कासवाचं नाव पुकारलं तेव्हा ते मंडपाच्या पार टोकाला बसलं होतं. ते काठीपर्यंत पोहोचेस्तोवर बाकीचे जेवून आले. आणि या सगळ्या वेळात कुठली ना कुठली पुंगळी ज्योतीसमोर मुकाट उभी होती.

शेवटचा मान धुरपदामावशीला मिळाला. वर शालही मिळाली. मावशी खूश झाली, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं बंदूक चालवली, एक कान गेला, पण शाल कुणी दिली नव्हती. तिचे दोन शब्द सगळ्यांत लांबले. समोरच्या रांगेत तिची पिल्लं झोपून गेली.

दसऱ्याच्या सकाळी मावशी पुंगळ्या भरायला बसली. तिने एक उचलली आणि सहज दाबली. पुंगळी चपटी झाली. तिने दुसरी दाबली. तीही मोदकाच्या पारीसारखी दबली. तोंडं नरम होतीच, पण बुडंही नरम झाली होती. अशी पुंगळी घालून चाप ओढला तर बार पुढून निघत नाही, मागून निघतो. आणि बंदुकीच्या मागे मावशीचा कान असतो.

मावशी घाबरली. ती तडक काटकरकडे गेली.

"चिटणीस, पुंगळ्या बुडापर्यंत नरम झाल्यात. बंदूक फुटेल."

"यंत्राची पूजा झाली होती ना?"

"झाली होती."

"मग यंत्र बिघडेल कसं? आणि यंत्र बिघडलंच नाही तर पुंगळ्या बिघडतील कशा?"

"हात लावून बघा."

"बघितलं तर दिसेल," काटकर म्हणाला. "म्हणून मी बघत नाही. तुम्हाला बार काढायचा नसेल तर तसं सांगा. शाल परत करावी लागेल."

नदीकाठी बसचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने स्पीकरची खरखर सुरू झाली. मावशीने अंगावरच्या शालीवरून हात फिरवला. मग कानावरून फिरवला. शाल उबदार होती, पण कान एकच होता. ती तशीच ठिपसेसरकारांकडे गेली.

"सरकार, पूजेनंतरचा पहिला बार आहे. माझ्यासारखीने काढणं बरं दिसत नाही. हा मान तुमचा."

सरकारांची छाती फुगली. ते लगेच निघाले. काटकरला त्याच वेळी नदीपलीकडचं एक अतिशय तातडीचं काम आठवलं. खोडे सगळ्यांत उंच झाडाच्या शेंड्यावर गेला आणि तिथून व्यवस्थेवर लक्ष ठेवू लागला.

तुम्ही म्हणाल, मावशीने सरकारांना सांगितलं नाही का? सांगितलं.

"पुंगळी जरा नरम आहे, सरकार," ती टेकडीवर म्हणाली. "यातून मार बसेल."

"मार कुणाला बसायचा ते राजा ठरवतो," सरकार म्हणाले आणि त्यांनी बंदूक खांद्याला लावली.

याहून स्पष्ट राजाला कसं सांगायचं, ते मावशीला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मलाही कधीतरी उपयोगी पडेल. मावशी एका मोठ्या कातळामागे गेली आणि तिने उजव्या कानावर पंजा घट्ट दाबून धरला.

बार मागून निघाला. बंदुकीचे तीन तुकडे तीन दिशांना गेले. धूर सरला तेव्हा सरकार उभे होते, पण त्यांच्या मिशा नव्हत्या आणि काजळीमुळे ठिपकेही दिसत नव्हते. त्यांच्या कानांत थोडा वेळ शिट्टी वाजली. मग तीही थांबली, आणि त्यानंतर त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

नदीकाठच्या माणसांना वाटलं, दसऱ्याचा फटाका आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी एक उडवा म्हणून ओरडा केला. आणखी एक कुठून उडवणार? पुढच्या रविवारी दोन बस आल्या.

जंगलात बैठक भरली. सरकारांना ऐकू येत नाही, आता काय करायचं, असा विषय होता. काटकरने बराच विचार केला. तक्रार ऐकून काहीही न करणारा राजा असला की प्रजेला वाईट वाटतं. तक्रार ऐकूच येत नसेल तर कुणाला वाईट वाटायचं कारण उरत नाही. असा राजा शोधूनही सापडला नसता. ठिपसेसरकारांच्या नावामागचा 'प्रभारी' काढून त्यांना कायम करण्यात आलं.

मावशीचा कान वाचला. अगदी शाबूत आहे. दर रविवारी नदीकाठी स्पीकर लागतो, दोन बसचे दोन, आणि मावशीला त्या कानाने दोन्ही गाणी एकदम ऐकावी लागतात. त्या गोंगाटात पिल्लं कुठे आहेत ते कळत नाही. तिचा जीव कासावीस होतो. एकदा ती हातवारे करत सरकारांकडे गेली. नदीकडे बोट दाखवलं, कानाकडे दाखवलं, पिल्लांएवढी उंची हाताने दाखवली.

सरकारांनी प्रेमाने तिच्या पाठीवर पंजा ठेवला.

"खरं आहे, मावशी," ते म्हणाले. "आम्ही बार काढल्यापासून जंगल किती शांत झालंय."

ते खोटं बोलत नव्हते. मावशी वळली आणि पिल्लांना डोळ्यांनी शोधायला निघाली.

तात्पर्य : बिघडलेलं यंत्र दुरुस्त करत बसू नये. त्याला काठीने टोचत राहावं आणि टाळ्या वाजवाव्यात. ज्यांना स्वतःचा कान वाचवायचा असेल त्यांनी तो खुशाल वाचवावा, पण मग स्पीकरबद्दल कुरकुर करू नये.