मास्क गळला, मिशी गेली

गेली आठ वर्षं मी माझगावच्या गोदीत जहाजांच्या पोटाखाली बुड्या मारतोय. पंख्यात अडकलेली जाळी काढायची, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, कुठे पत्रा कुजलाय ते चाचपून वर येऊन सांगायचं. गोदीच्या पाण्यात आपलाच हात आपल्याला दिसत नाही. पण मास्क कुठून गळतोय हे मी डोळे मिटून सांगतो! निदान गेल्या शुक्रवारपर्यंत मी ज्याला त्याला असं ऐकवत होतो.

आठ वर्षं कंत्राटावर काढली. कायमची जागा निघाली ती यंदा, आणि तीही एकच. अट साधी होती. सगळा चेहरा झाकणारा नवा मास्क घालायचा, जहाजाखाली चाळीस मिनिटं तपासणी करायची आणि आतल्या माइकवरून वर साहेबांशी बोलत राहायचं. मी मनात म्हटलं, ही परीक्षा आहे की माझा सत्कार?

शुक्रवारी डोक्यावर रबरी टोपी, वर नवा मास्क चढवून उतरलो. पहिल्या मिनिटापासून कानाशी फुर्र फुर्र! श्वासाची हवा मास्कच्या कडेने बाहेर. पट्टे आवळले तर दुप्पट फुर्र! बाराव्या मिनिटाला टाकीचा काटा लाल पट्ट्यात आणि मी पाण्याबाहेर.

"हितेंद्र, टाकी तुझ्यासाठी भरली होती, माशांसाठी नाही," आमचे डायव्हिंग सुपरवायझर हडकर साहेब म्हणाले. "सोमवारी शेवटची संधी. नाहीतर यादीत पुढे नील आहे."

हा नील माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तो तिथेच उभा होता. "दादा, कशाने गळला हो?"

"मिशी! दुसरं काय?"

"नक्की? कारण मला वाटतं..."

"तुला काय वाटायचंय? आठ वर्षं डोळ्या-नाकापुरता मास्क लावतोय मी. मिशीचा एक केस मध्ये आला की पाणी आत! रोज ओठावर ग्रीस थापून उतरतो. मला शिकवतोस?"

नील गप्प बसला. माझ्यापुढे लोक गप्प बसतात याचा मला तेव्हा अभिमान होता.

आता मिशी काढायची म्हणजे गंमत नव्हती. आमच्याकडे बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावत नाहीत. माझे आबा, म्हणजे वडील लवू, कुडाळजवळ गावी असतात आणि ठणठणीत असतात. पण मी म्हटलं, आजकाल कोण बघतं? लालबागच्या निम्म्या पोरांना मिशी नाही, त्यांचे बाप काय मेलेत? आणि आबांना कळेपर्यंत ती पुन्हा उगवेल!

रविवारी सकाळी काळाचौकीच्या कोंडीरामच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. "मिशी काढ. कपाळावरचे, कानाजवळचे केसही काढ. काही आडवं येता कामा नये."

कोंडीरामने चालू असलेली गाणी बंद केली. एक प्रश्न विचारला नाही. एरवी हा माणूस नाकातला केस कापताना देशाचं राजकारण सांगतो. मी डोळे मिटून मनातल्या मनात मास्कचे पट्टे बांधत बसलो. डोळे उघडले तर डोकं तुळतुळीत! मी काही बोलणार तोच त्याने हात जोडले. "धीर धरा," म्हणाला.

मला वाटलं, परीक्षेचं याच्याही कानावर गेलं वाटतं. मी म्हटलं, "उद्या होईल सगळं नीट." तो माझ्याकडे बघतच राहिला.

चाळीच्या जिन्यात शेवंतीकाकू भेटल्या. हातातली पिशवी सुटली, कांदे तळमजल्यापर्यंत गेले. "अरे देवा! लवूभावजी गेले? आणि आमका कोणी सांगलां नाय!"

"काकू, आबा मजेत आहेत! मास्क गळतो म्हणून..."

"डोक्यार परिणाम झालो बिचाऱ्याच्या!" काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि त्या पहिल्या मजल्यापासून दारं ठोठावत वर गेल्या.

घरी माझी बायको अनुजा. तिने मला बघितलं आणि गॅस बंद केला. "आबा गेले? आणि मला न सांगता तू मुंडण करून आलास?"

"अगं, हवा गळत होती मास्कमधून!"

तिला पटायला दहा मिनिटं लागली. मग तिने मला गोल फिरवलं. "हवेचं समजलं. ही मागे शेंडी कशाला ठेवलीय?"

मी हात मागे नेला. चांगली चार बोटं! कोंडीरामचे जोडलेले हात मला तेव्हा कळले.

बाहेर जाऊन सगळ्यांना खरं सांगावं, तर तोवर डबे सुरू झाले. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत ना! वरणभात आला, भाजी आली, शेवंतीकाकूंकडून काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं.

"परत दे हे," अनुजा म्हणाली. "खाल्लंस तर बघ."

तिचं बरोबर होतं. पण सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं आणि काकूंचं सांबारं हा माझी जुनी कमजोरी आहे. मी एक वाटी खाल्ली. मग दुसरी. डबा धुऊन परत गेला आणि चाळीच्या लेखी आबा अधिकृतपणे वारले.

संध्याकाळी आमच्या मंडळाच्या उन्मेषने चाळीच्या दारात फलक लावला. आबांचा सत्यनारायणाच्या पूजेतला हसरा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली एकवीस कार्यकर्ते, प्रत्येकाचा चेहरा आबांपेक्षा मोठा! "उतरव तो," मी म्हटलं. उन्मेषने मला मिठी मारली आणि स्वतःच रडायला लागला.

सोमवारी आठ वाजता मी गोदीत हजर. हडकर साहेबांची गाडी रोज आमच्या चाळीवरूनच येते. त्यांनी आधी माझं डोकं पाहिलं, मग ओठ, आणि टोपी काढली.

"घरी जा हितेंद्र. फलक बघितला मी."

"साहेब, आबा जिवंत आहेत! मिशी मी मास्कसाठी काढली!"

"आणि शेंडी? तीही मास्कसाठी?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "मन ठिकाणावर नसलेला माणूस मी पाण्याखाली सोडत नाही. जीव जातो. तेरा दिवस येऊ नकोस."

"नील, अरे तू ऐकलंस ना शुक्रवारी! सांग साहेबांना!"

नीलने बुटांकडे बघितलं. "साहेब, दादा दुःखात आहेत," तो म्हणाला.

मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. गावच्या नेटवर्कवर त्यांचं चित्र काही आलं नाही, पण त्यांना मी दिसत होतो. साहेब कान देऊन उभे.

"आबा, बोला ना! साहेबांना सांगा तुम्ही कोण ते!"

"तुझो बापूस मेलो," आबा म्हणाले. "ठेव फोन."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरचेच सांगतायत, हितेंद्र."

मला रडू आलं. खरंच आलं. आठ वर्षं त्या काळ्या पाण्यात काढली होती मी. आणि मी रडतोय हे पाहिल्यावर साहेबांची उरलीसुरली शंकाही फिटली.

नील चाळीस मिनिटं खाली राहिला. एक बुडबुडा वाया गेला नाही. वर आला, मास्क काढला आणि बोटांनी कोरड्या मिशीला पीळ दिला. चांगली झुपकेदार मिशी!

"तुझा कसा नाही गळला रे?" मी विचारलं.

"दादा, या मास्कची कड हनुवटीखालून, कानाजवळून, कपाळावरून जाते. मिशी आतच राहते, तिचा काही संबंधच नाही. शुक्रवारी तुमच्या रबरी टोपीची किनार कडेखाली दुमडली होती. तेच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, मला शिकवतोस?"

जागा त्याला मिळाली. तो वाईट मुलगा नाही, आणि हेच मला जास्त टोचतं.

आबांचा राग का, ते नंतर अनुजाकडून कळलं. फलकाचा फोटो रात्रीतच गावी पोचला होता. पहाटेपासून माणसं खांद्यावर पंचे टाकून अंगणात जमत होती. आबा चहाचा कप घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं कुंपण ओलांडून पळाले! त्यावर माझा भादरलेला चेहरा समोर आला.

आज सहावा दिवस. मिशीचे खुंट फुटलेत, टोचतात. फलक दारातच आहे. तेराव्याआधी उतरवणं बरं दिसत नाही, असं मंडळाचं म्हणणं. आबा माझ्याशी बोलत नाहीत, पण काल अनुजाच्या फोनवर निरोप आला: "तेराव्याक मी येतंय. झिलाचां तोंड बघूक नाय. माझ्या नावान जेवण कसां घालतास ता बघूक." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी.

शेवंतीकाकू सांबारं करणार आहेत. वडे मी तळायचे ठरलंय. तोपर्यंत मला दुसरं काम तरी काय आहे!